फ्रान्समधल्या नदीकाठच्या गावाभोवती गोल चक्कर मारायची आहे, आईचे गुडघे दुखतात, कुठून सुरू करावं?

सुदामानगरवाली

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

माझा धाकटा भाऊ तुलूझला शिकून राहिला आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मी आणि आईबाबा त्याच्याकडे जातोय. पॅरिसचे दोन दिवस ठरलेत, बाकी सगळा वेळ तुलूझ आणि आजूबाजूला. आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मला म्युझियमच्या रांगेत उभं करू नका, मला चालता येईल असं एखादं गाव दाखवा, नदी असेल तर फारच छान. आई दर वर्षी कार्तिकात ओंकारेश्वरची परिक्रमा करते, गेल्या वर्षीसुद्धा केली, वय ६३, वजन बेताचं, पण दोन्ही गुडघे उतरताना दुखतात. चढताना काही नाही. बाबा ६८, त्यांना चालण्याचा त्रास नाही, ऊन मात्र सहन होत नाही.

भावाने सँ-सिर-लापोपी नावाचं गाव काढलंय, लोत नदीच्या वर कड्यावर आहे म्हणतो, आणि तिथून खाली नदीच्या काठाने बूझिएस नावाच्या छोट्या गावापर्यंत जाऊन डोंगरावरून परत असा गोल रस्ता आहे. तो स्वतः गेलेला नाही, त्याच्या कॉलेजातल्या पोरांनी सांगितलं. पोरं बावीस वर्षांची, त्यांना सगळं सोपंच वाटणार!

तर प्रश्न असे की हे चक्कर आईला जमेल का, कोणत्या बाजूने फिरावं, रस्ता चुकण्याची भीती किती, वाटेत पाणी आणि शाकाहारी खायला काय मिळतं. आणि आईचा एक खास प्रश्न, तिच्याच शब्दांत लिहिते: "नदी उजव्या हाताला राहील ना?" नर्मदा परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवतात ना, तेच तिच्या मनात आहे, हसू नका.

तुलूझमधला_माळवी

ताई, हसण्यासारखं काहीच नाही, उलट आईंचा प्रश्नच सगळ्यात कामाचा आहे, का ते पुढे सांगतो.

मी चार वर्षं तुलूझला होतो, आता परत इंदूरला. हे चक्कर तीन वेळा केलंय, दोनदा एका बाजूने आणि एकदा उलट्या बाजूने, एकदा सासूबाई बरोबर होत्या, म्हणून गुडघ्यांचं जे सांगतोय ते अनुभवाने.

आधी जागा समजून घ्या. लोत नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. सँ-सिर आणि बूझिएस दोन्ही नदीच्या दक्षिण काठाला. सँ-सिर वरच्या अंगाला, पाण्यापासून साधारण शंभर मीटर उंच कड्यावर, आणि बूझिएस खालच्या अंगाला, जवळजवळ पाण्याच्या पातळीवर. दोघांच्या मध्ये चुनखडीचा कडा थेट नदीत उतरतो. म्हणजे काठ असा नाहीच. पूर्वी जवळच्या कायोर शहराची दारू पिंपांत भरून होड्यांनी खाली बोर्दोपर्यंत जायची, जाताना प्रवाह नेतो, पण परत येताना होडी दोरानं ओढत आणावी लागे, आणि ओढणाऱ्याला पाय ठेवायला काठ हवा. इथे काठ नव्हता म्हणून १८४० च्या दशकात कड्याच्या पोटात वाट कोरून काढली. डोक्यावर कातळ, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला पाणी. तिला शमँ द आलाज म्हणतात, म्हणजे होड्या ओढायची वाट. मी पहिल्यांदा त्या कोरीव भागात शिरलो तेव्हा गार हवा अंगावर आली आणि पाण्याचा उजेड छतावर हलत होता, तिथेच थांबलो बराच वेळ. पुढे रेल्वे आली आणि नदीवरची वाहतूक बसली, वाट तेवढी राहिली. तिथेच कातळावर मासे, शिंपले, नदीतली झाडंझुडपं असं एक लांब कोरीवकाम आहे, पण ते जुनं नाही बरं का, डॅनिएल मोनिए नावाच्या शिल्पकाराने १९८० च्या दशकात केलंय. बरेच लोक ते आदिमानवाचं समजून फोटो टाकतात.

आता दिशा. बहुतेक लोक गाडी बूझिएसला लावतात, काठाने सँ-सिरला चढतात आणि वरून परत येतात. तसं केलं तर नदी डाव्या हाताला राहते, आणि दिवसाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, पठारावरून बूझिएसला उतरावं लागतं. सासूबाईंचे गुडघे तिथेच बोलायला लागले. म्हणून मी सांगेन की उलटं करा. रात्री मुक्काम सँ-सिरमध्ये किंवा जवळच करा, सकाळी सातला निघा, आधी गावातून नदीवर उतरा. ती उतरंड खडी आहे, दगड सुटे आहेत, पण पाय ताजे आणि हवा गार. खाली आलं की बूझिएसपर्यंत सपाट, आणि नदी उजव्या हाताला! मग बूझिएसहून पठारावर चढ, आणि चढायला आईंना त्रास नाही असं तुम्हीच लिहिलंय. शेवटी गाव वरच्या बाजूनेच गाठायचं, परत नदीवर उतरायची गरज नाही.

आमच्या घड्याळात दहा किमीच्या जरा वर भरलं, आरामात थांबत थांबत साडेचार तास. ओंकारेश्वरची परिक्रमा सातेक किमी आहे ना, म्हणजे त्याच्या दीडपट धरा, पण पायऱ्या नाहीत.

बाबांसाठी एकच महत्त्वाचं. पठारावर सावली कमी. छोटे ओक, जुनिपरची झुडपं, रचलेल्या दगडांच्या भिंती आणि ऊन. पाणी तर अजिबात नाही, कारण खाली चुनखडी आहे, पाऊस पडला की सगळं जमिनीत जिरून जातं, ओढा म्हणून दिसत नाही. आपल्या माळव्यातल्या काळ्या कातळावर डबकी तरी साचतात, तिथे तेही नाही. त्यामुळे माणशी दोन लिटर बूझिएस सोडतानाच भरलेलं हवं. आणि पठार अकराच्या आत ओलांडा.

ओंकार_परकम्मा

ताई, मी त्या गावाला नाही गेले, पण फ्रान्समध्येच दोर्दोन्य नदीकाठी मुलीबरोबर अशी गावाभोवतीची तीन चक्करं केली आहेत आणि ओंकारेश्वरची परिक्रमा तर मोजणं सोडलंय, म्हणून लिहायचं धाडस करते.

रस्ता चुकण्याची भीती मनातून काढून टाका, फक्त खुणा आधी शिकून घ्या. तिकडे गावाभोवतीच्या गोल वाटेला बूक्ल म्हणतात आणि तिची खूण पिवळी पट्टी. झाडावर, खांबावर, भिंतीच्या कोपऱ्यावर, कुठेही. लांब पल्ल्याच्या वाटांची खूण वर पांढरी आणि खाली लाल पट्टी, त्यांना जीआर म्हणतात आणि नंबर असतो, तुमच्या नदीकाठच्या तुकड्यावरून जीआर ३६ जातो म्हणजे तिथे लाल-पांढरी दिसेल. पट्ट्या आडव्या असल्या म्हणजे सरळ चला, बाण वळलेला असला म्हणजे वळा, आणि फुली दिसली म्हणजे इकडे नाही, मागे फिरा. फुली दिसली की आनंद माना, कारण बरोबर वाट दहा पावलांवरच असते. आम्ही एकदा गप्पांच्या नादात फुली ओलांडून अर्धा तास कुणाच्या तरी अक्रोडाच्या बागेत फिरलो, शेवटी एका आजोबांनी काठीने वाट दाखवली. पाच-दहा मिनिटं कोणतीच पट्टी दिसली नाही तर जिथे शेवटची पाहिली तिथपर्यंत परत यायचं, हा आमचा नियम. कागदी नकाशाही घ्या, आयजीएनचा निळ्या कव्हरचा १:२५,००० वाला, त्यात चार सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, बाबांना हातात द्या, त्यांना काम मिळेल आणि दरीत फोनची रेंज गेली तरी अडणार नाही.

पाण्याची एक युक्ती जी मला तिथल्याच बाईने शिकवली. गावात नळ सापडला नाही तर कब्रस्तानात जा. तिथे फुलांच्या कुंड्यांना पाणी घालायला नळ असतोच आणि चालणारे सगळे तिथेच बाटल्या भरतात. आईंना आधी सांगून ठेवा, माझ्या सासूबाईंना ते जड गेलं होतं. आणि नळावर पाटी वाचायची, "ओ पोताब्ल" म्हणजे पिण्याचं, मध्ये "नों" आलं की नाही प्यायचं.

आणि वाटेत जो भेटेल त्याला बाँजूर म्हणायचंच. शहरात नाही म्हटलं तर चालतं, गावात आणि वाटेवर नाही चालत. आईंना सांगा, परिक्रमेत समोरून येणाऱ्याला आपण जसं नर्मदे हर म्हणतो अगदी तसंच समजायचं. माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी लाजल्या, दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्यांच्या आधी बोलत होत्या.

छावणी_चौक

आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये कारने गेलो होतो, लहान मुलं बरोबर. सरळ सांगतो, ऑगस्टमध्ये दुपारी सँ-सिरच्या गल्ल्यांमध्ये आपल्या सराफ्यासारखी गर्दी असते, गावच्या बाहेर पैसे देऊन गाडी लावायची आणि चालत यायचं. २०१२ मध्ये टीव्हीवर फ्रान्समधलं सगळ्यात आवडतं गाव म्हणून निवडलं गेलं होतं, तेव्हापासूनची ही गर्दी असं तिथल्या दुकानदाराने सांगितलं. पण संध्याकाळी सातनंतर गाव रिकामं. जूनमध्ये तिकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून मुक्कामाचा सल्ला एकदम पक्का, गाव सकाळी आणि संध्याकाळी बघा.

किल्ल्याचं जे थोडं उरलंय त्याच्या वर खडक आहे, तिथून नदीचं वळण दिसतं. चर्च सोळाव्या शतकातलं, तटबंदीसारखं. आणि गल्लीत लाकूड कातणाऱ्यांची जुनी घरं आहेत, पूर्वी या गावात पिंपांच्या तोट्या बॉक्सवुडच्या लाकडातून कातून बनवायचे. तीच दारूची पिंपं जी माळवीभाऊंनी सांगितली! म्हणजे वर तोट्या बनत होत्या आणि खाली होड्या जात होत्या. मला हे तिथे उभं राहून कळलं तेव्हा गाव आणि नदी एकच धंदा वाटला. पठारावर वाळलेली झुडपं दिसली तर ती बहुतेक तीच बॉक्सवुड, काही वर्षांपासून एका किडीने, पतंगाची अळी असते, फ्रान्सभर फार नुकसान केलंय.

खाण्याचं मात्र जपून. बेकरी आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असते, दुकानं बारा ते दोन-अडीच बंद, रविवारी दुपारनंतर सगळं ठप्प. आमच्या मुलांना एक दिवस फक्त बिस्किटांवर काढावा लागला. तिकडचं रोकामादूर नावाचं बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज फार छान लागतं, पण आई काटेकोर शाकाहारी असतील तर सांगायला हवं की त्यात आणि बहुतेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या किंवा करडाच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट घालतात. मग अक्रोड, खरबूज, ब्रेड, टोमॅटो यावर भागतं.

सुदामानगरवाली

अरे वा, एवढं सगळं एका दिवसात! आईला मोठ्याने वाचून दाखवलं. कब्रस्तानाच्या नळावर ती दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली पाणी ते पाणी. चीजचं फार बरं सांगितलंत दादा, आम्हाला माहीतच नव्हतं. दशम्या आणि गुळपापडी इथूनच नेतेय, दशम्या चार-पाच दिवस टिकतात.

अजून दोन गोष्टी. गाडी नसेल तर तुलूझहून पोचायचं कसं? आणि जायला अजून सहा आठवडे आहेत, तोवर गुडघ्यांसाठी इथे काय करावं?

तुलूझमधला_माळवी

तुलूझहून कायोरला ट्रेन, सव्वा-दीड तास. कायोरच्या स्टेशनवरून फिजाककडे जाणारी बस, ती नदीच्या उत्तर काठाने जाते, तूर-द-फोरला उतरायचं, तिथून पूल ओलांडून गावापर्यंत दोन-अडीच किमीचा चढ. बसेस दिवसाला मोजक्याच, रविवारी आणखी कमी, म्हणून आधी वेळ बघून मग ट्रेन ठरवा, उलटं नको. सामान असेल तर मुक्कामाच्या मालकाला आधी विचारा, आमची मालकीणबाई खाली पुलापर्यंत गाडी घेऊन आली होती, पैसेही घेतले नाहीत.

कायोरला दोन तास मिळाले तर चौदाव्या शतकातला पाँ वालांत्रे बघा, तीन बुरुजांचा पूल, स्टेशनपासून चालत जाता येतं.

आणि हे विसरलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या पर्यटन ऑफिसात किंवा मेरीत, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीत, वाट उघडी आहे का ते विचाराच. कड्यावरून दगड सुटतात, नदीला पूर येतो, मग तो कोरीव भाग बंद करतात. बंदची पाटी असेल तर आत जायचं नाही, कितीही लोक जाताना दिसले तरी. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो, जूनमध्ये ती काळजी नाही, पण गोचीड असते, गवतातून चालल्यावर संध्याकाळी पाय आणि गुडघ्याची मागची बाजू तपासा. इमर्जन्सीचा नंबर ११२.

ओंकार_परकम्मा

गुडघ्यांचं मी सांगते. रालामंडळच्या टेकडीवर जा, सकाळी. होळकरांच्या शिकारगाहपर्यंत चढ आणि मग तोच उतार, रस्ता चांगला आहे. पहिले दोन आठवडे चढून जाऊ दे आणि उतरताना थांबत थांबत, मग हळूहळू वाढवा. दोन काठ्या घेऊनच सराव करा, एक नाही, दोन. उतरताना काठ्या आधी खाली टेकायच्या आणि मग पाय, हे इथेच अंगवळणी पडायला हवं, तिथे जाऊन शिकता येत नाही. बूटही तेच घालायचे जे तिथे घालणार. काही दुखलं तर हाडांच्या डॉक्टरला दाखवून मगच पुढे.

आणि एक अर्धा दिवस जास्त काढता आला तर पेश मेर्लची गुहा बघा, बूझिएसपासून जवळ काब्रेरे गावाला आहे. मुलीने मला फोटो दाखवले होते, आम्हाला तिकीट मिळालं नव्हतं. १९२२ मध्ये तिथल्याच दोन पोरांनी शोधली, आत ठिपक्यांचे घोडे रंगवलेत, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे, आणि हाताचे ठसे. दिवसाला ७०० च्या वर माणसं आत सोडत नाहीत म्हणून तिकीट आधीच काढा. आपल्या वाकणकर सरांनी १९५७ मध्ये भीमबेटका शोधलं, उज्जैनचा माणूस, आईंनी भीमबेटका पाहिलं असेल तर तिथे फार आवडेल.

सुदामानगरवाली

परत आलो. उशीर झाला लिहायला, पण लिहायचं नक्की होतं.

माळवीभाऊंची दिशा घेतली. सव्वासातला सँ-सिरहून निघालो, उतरायला आईला पाऊण तास लागला, दोन काठ्या, मी पुढे आणि भाऊ मागे. खाली पोचल्यावर तिने आधी नदीला हात जोडले, मग पाण्यात हात घातला, मग बसली. कोरीव वाट उघडी होती, रात्री पाऊस झाल्यामुळे जरा निसरडी. आईने तिथे विचारलं की ओढणारे कुठल्या बाजूने यायचे, मी म्हटलं आपल्या समोरून, आपण प्रवाहाच्या दिशेने चाललोय. तर ती कातळाला चिकटून एका बाजूला झाली, जणू समोरून कोणी दोर घेऊन येतंय आणि त्याला जागा द्यायची आहे. मला ते आयुष्यभर आठवेल.

बूझिएसला दशम्या खाल्ल्या. तिथे आईने ठरवलं की पठार नको. गुडघा दुखत नव्हता, पण उन्हाचा कडाका दिसायला लागला होता आणि बाबांचा चेहराही लाल. त्यामुळे भाऊ आणि बाबा झुलता पूल ओलांडून पलीकडे रस्त्यावर बसची वाट बघत बसले, आणि आई मला म्हणाली तू जा, चक्कर अर्धं सोडायचं नसतं, माझं तू पूर्ण कर. स्वतः त्या दोघांबरोबर बसने तूर-द-फोरला गेली, मालकीणबाईंनी तिथून वर आणलं. मी एकटी पठारावरून आले, दोन तास दहा मिनिटं. वाटेत दगडांची रचलेली गोल झोपडी लागली, मेंढपाळांची, आत बसून पाणी प्यायले, बाहेर नुसते टोळ ओरडत होते. एका ठिकाणी वाट चुकणारच होते, फुली दिसली, ओंकार ताई तुमची आठवण काढली.

पेश मेर्लही झालं, तिकीट महिनाभर आधी काढलं होतं. हातांच्या ठशांसमोर आईने आपला हात हवेत तसाच धरून बघितला. भीमबेटका तिने १९९४ मध्ये शाळेच्या मुलींना घेऊन पाहिलं होतं, ती बाईंच्या आवाजात आम्हाला समजावत राहिली आणि गाईड थांबून ऐकत होता, भाषा कळत नसूनही.

छावणी_चौक

वा ताई, वाचून फार बरं वाटलं. काठ्या विमानात कशा नेल्या? आम्ही डिसेंबरमध्ये आईला घेऊन निघतोय.

सुदामानगरवाली

घडी होणाऱ्या घ्या आणि चेक-इनच्या बॅगेतच टाका, हातातल्या सामानात नको. टोकांना रबराची टोपणं लावून वर जुना टॉवेल गुंडाळला होता. टोपणं जास्तीची घ्या, आईचं एक त्या उतरंडीवरच पडलं. आणि दादा, डिसेंबरमध्ये शिकारीचा हंगाम असतो, वर माळवीभाऊंनी लिहिलंय, तर आईंना भडक रंगाचं जॅकेट घ्या.